प्रवरेच्या उगमाचे खोरे

प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे दोनशे किलोमीटर पूर्वेकडे वाहत जाऊन प्रवरासंगमाजवळ गोदावरीला मिळते. तिचे पहिले खोरे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर आहे. उत्तरेला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आणि त्याच्या पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले, दक्षिणेला रतनगड आणि कात्राबाईचा डोंगर, पश्चिमेला घाटघर आणि साम्रद येथे एकाएकी तुटून कोकणात उतरणारे कडे, अशी त्याची चतुःसीमा आहे. पूर्वेला शेंडी गावापाशी दोन्हीकडचे डोंगर जवळ येतात आणि खोऱ्याचे तोंड अरुंद होते. त्या अरुंद तोंडावर १९२६ पासून विल्सन धरणाची भिंत उभी आहे. भिंतीमागचा आर्थर जलाशय आणि त्याभोवतीचे रान मिळून जो प्रदेश होतो, त्याला बाहेरचे लोक सरसकट ‘भंडारदरा’ म्हणतात.

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की दुष्काळ, कोरडी माळराने आणि उसाचे कालवे डोळ्यांपुढे येतात. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सहाशे मिलिमीटरलाही पोचत नाही. घाटघर आणि रतनवाडी येथे मात्र वर्षाला पाच हजार मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडू शकतो. कोकणातून वर चढणारे ढग कड्यावर अडतात, माथ्यावर रिते होतात आणि पुढे अकोल्याच्या दिशेने काही कोसांतच पावसाचे मान झपाट्याने उतरते. या खोऱ्याचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून उलगडत जातो. पाऊस इथे पडतो आणि पाण्याची निकड खाली पठारावर असते. त्यामुळे खालच्या मुलखाने वरच्या खोऱ्याकडे नेहमी पाण्यासाठी पाहिले आणि वरच्या लोकांनी त्याची किंमत मोजली. आज पायी फिरायला येणाऱ्याला जे अस्पर्श रान दिसते, ते या देवघेवीतूनच उरलेले आणि पुन्हा वाढलेले रान आहे.

प्रवरेच्या उगमाभोवतीच्या कथा जुन्या आहेत. अगस्ती ऋषींनी केवळ वारा आणि पाणी यांवर राहून तप केले, तेव्हा देवांनी प्रसन्न होऊन गंगेचा एक प्रवाह त्यांना दिला, तीच प्रवरा, असे अकोल्यात सांगतात. तेथे नदीकाठी अगस्तींचा आश्रम आहे. नदीचे दुसरे नाव अमृतवाहिनी. याच नदीच्या काठी पुढे जोर्वे आणि दायमाबाद येथे ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचे अवशेष सापडले आणि नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. उगमापाशी, रतनवाडीत, अमृतेश्वराचे दगडी मंदिर आहे. परंपरा त्याचा संबंध शिलाहार राजा झंझ याच्याशी जोडते. नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवमंदिरे बांधल्याचे श्रेय या राजाला दिले जाते. मंदिराचे शिखर लहान लहान शिखरांच्या प्रतिकृतींनी भरून वर चढत गेले आहे, आतले खांब आणि छत बारीक कोरलेले आहे, आणि जवळच कोनाड्यांतून मूर्ती बसवलेली चौकोनी पुष्करणी आहे. एवढे नाजूक काम इतक्या आडबाजूच्या गावात कसे झाले, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर वाटांमध्ये आहे. ज्या काळात माल बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून कोकणात उतरत होता, त्या काळात हे गाव आडबाजूला नव्हते. साम्रदहून करोली घाट उतरतो, घाटघरहून चोंढ्याकडे वाट जाते. या वाटांवर नजर ठेवण्यासाठी रतनगड, अलंग, कुलंग यांसारखे किल्ले होते. रतनगडाच्या चार दरवाजांपैकी एकाचे नाव कोकण दरवाजा आणि दुसऱ्याचे त्र्यंबक दरवाजा आहे. वाटा कुठे जात, ते या नावांतूनच कळते. गडाच्या माथ्यावर वाऱ्यापावसाने आरपार पडलेले नेढे आहे आणि त्यातून दोन्हीकडचा मुलूख दिसतो.

खोऱ्यातील मुख्य वस्ती महादेव कोळ्यांची, आणि त्यांच्यासोबत ठाकरांची. या सगळ्या पट्ट्याला डांगाण म्हणतात. इथली गुरे डांगी जातीची. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे सतत चार महिने कोसळणाऱ्या पावसात ती तग धरतात, आणि त्यांचे काळे टणक खूर खडकाळ चिखलात टिकतात. घोटी आणि राजूरचे बाजार या गुरांसाठी प्रसिद्ध झाले. शेती भाताची, नाचणीची, वरईची आणि खुरासणीची. भाताची रोपे करण्यासाठी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची, याला राब म्हणतात. उतारावर रान तोडून, जाळून, दोन-तीन वर्षे नाचणी-वरई पिकवायची आणि मग ती जागा पुन्हा रानाला सोडून द्यायची, ही दळी. घरांच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या. पावसात डोक्यावर इरले. उन्हाळ्यात करवंदे, जांभळे, मध आणि बाळहिरडा. झाडावरचा कोवळा हिरडा झोडून, वाळवून बाजारात नेला की वर्षाचे मीठमिरचीचे पैसे सुटत. कातडी कमावायला आणि औषधांना हिरडा लागतो, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक कायमचे. हिरडा देणारे झाड कुणी तोडत नाही. म्हणून ज्या उतारावर बाकीचे रान विरळ झाले तिथेही हिरडे राहिले. पुढे काजव्यांचा जो बोलबाला झाला त्याच्या मुळाशीही हीच झाडे आहेत.

कळसूबाईची कथा या लोकांच्या स्वभावाशी जुळणारी आहे. कळसू नावाची एक कोळ्याची पोर रानात भटकण्याची आवड असलेली. ती डोंगराच्या पायथ्याशी इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, पण भांडी घासणे आणि केर काढणे ही कामे करणार नाही, अशी अट घालून. एके दिवशी घरच्यांनी तिला तीच कामे लावली. तिने ती केली आणि डोंगरावर निघून गेली, ती पुन्हा खाली आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि जिथे ती राहिली ते कळसूबाईचे शिखर. नवरात्रात शिखरावर यात्रा भरते. महाराष्ट्राच्या सर्वांत उंच ठिकाणी जाणारी वाट आधी भाविकांनी मळवली. गिर्यारोहक त्या वाटेवर फार नंतर आले.

घाटांचे आणि किल्ल्यांचे रक्षण हा इथल्या कोळी नाईकांचा पिढीजात पेशा होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या आणि हा पेशा संपला. हक्क कमी झाले, सावकाराचे कर्ज वाढले. रामजी भांगरे यांच्या काळापासून उठाव सुरू झाले. कॅप्टन मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने ते मोडले आणि १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांविषयी सविस्तर वृत्तान्त लिहिला. बंडखोर लपतात कुठे, त्यांना भाकरी कोण पोचवते, पाणवठे कुठले, हे कळल्याशिवाय ही दऱ्याखोरी ताब्यात येणार नाहीत, हे सरकारला समजले होते. रामजींचे पुत्र राघोजी भांगरे हे याच खोऱ्यालगतच्या देवगावचे. १८४४ पासून त्यांनी सावकारांच्या वह्या आणि सरकारची ठाणी यांविरुद्ध जो उठाव केला तो रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या रानाच्या आधाराने चालला. जानेवारी १८४८ मध्ये त्यांना पंढरपुरात पकडण्यात आले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. आजच्या भटक्यांच्या पायाखालच्या अनेक वाटा त्या काळी या माणसांच्या पळवाटा होत्या.

उठाव शमल्यावर सरकारचा दुसरा हात आला तो वनखात्याचा. १८६५ चा आणि नंतर १८७८ चा वन कायदा झाला, राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या. त्याच काळात थळघाटातून रेल्वे वर आली होती. इमारती लाकूड, जळण आणि कोळसा यांची मागणी वाढली होती. दळीवर बंधने आली, राबासाठी फांद्या तोडणे आणि गुरे चारणे यांवर नियम आले. रान वाचवण्याच्या नावाखाली झालेल्या या बंदोबस्ताने गावकऱ्याचा रानाशी असलेला हक्काचा संबंध सवलतीच्या संबंधात बदलला. या बदलाचे परिणाम खोऱ्याला पुढे शंभर वर्षे भोगावे लागले. जिथे हक्क टिकला, तिथे रानही अधिक टिकले. गावोगावच्या देवराया हे त्याचे उदाहरण आहे. देवाच्या नावाने राखलेल्या त्या तुकड्यांत आजही मोठी झाडे आणि जुन्या वेली आढळतात.

खोऱ्याचे रूप सर्वांत जास्त बदलले ते धरणाने. १८९९-१९०० च्या दुष्काळाने दख्खनचे कंबरडे मोडले. त्यानंतर नेमलेल्या पाटबंधारे आयोगाने दुष्काळी भागाला संरक्षण देणाऱ्या कालव्यांवर भर दिला. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे आणि कालव्यांनी ते कोरड्या पठारावर न्यायचे, ही योजना दारणा, प्रवरा आणि नीरा या तीन नद्यांवर जवळजवळ एकाच काळात राबवली गेली. प्रवरेसाठी शेंडीजवळची अरुंद जागा अभियंत्यांच्या नजरेत भरली. पाणलोट क्षेत्र जेमतेम सव्वाशे चौरस किलोमीटरच्या आत-बाहेरचे, पण पाऊस इतका की एवढ्याशा क्षेत्रावरही अकरा टीएमसीचा साठा भरू शकतो. बांधकाम १९१० मध्ये सुरू झाले. दगड आणि चुन्याची ही भिंत सुमारे ८२ मीटर, म्हणजे २७० फूट उंच आणि ५०७ मीटर लांब आहे. त्या काळच्या भारतात इतकी उंच धरणे नव्हती. आडरानात, चार महिने काम ठप्प करणाऱ्या पावसात, रस्ते नसलेल्या मुलखात हे बांधकाम सोळा वर्षे चालले. मध्ये पहिले महायुद्ध येऊन गेले. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि धरणाला त्यांचे नाव मिळाले. जलाशयाला पाटबंधारे खात्यातील अभियंता आर्थर हिल यांच्या नावावरून आर्थर लेक म्हटले गेले.

धरणाचे पाणी नदीतूनच खाली सोडले जाते. रंधा येथे प्रवरा सुमारे १७० फुटांवरून दरीत उडी घेते. तेथे घोरपडादेवीचे ठिकाण आहे. पुढे संगमनेरच्याही खाली ओझरच्या बंधाऱ्यावर ते पाणी अडून डाव्या आणि उजव्या कालव्यांत वळते. या कालव्यांनी राहुरी, श्रीरामपूर, राहाता या भागांचे चित्र पालटले. जिथे ज्वारीही पिकण्याची खात्री नव्हती तिथे ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभारला आणि १९५०-५१ मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. महाराष्ट्राच्या सहकारी चळवळीचा हा पाया मानला जातो. त्या पायाखालचे पाणी डांगाणातले आहे, ही गोष्ट सहकाराच्या इतिहासात ओझरती येते. ती अधिक ठळकपणे यायला हवी.

कारण खोऱ्याच्या बाजूने पाहिले तर हिशेब वेगळा दिसतो. नदीकाठची सपाट, गाळाची भातखाचरे आधी पाण्याखाली गेली. उरल्या त्या उताराच्या, हलक्या जमिनी. भूसंपादन १८९४ च्या कायद्याने होई आणि त्यात मोबदल्यापलीकडे पुनर्वसनाची तरतूद नव्हती. तशी तरतूद करणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये आला, म्हणजे या धरणाला पन्नास वर्षे झाल्यावर. धरण पुरे झाले त्याच १९२० च्या दशकात पुणे जिल्ह्यात मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला आणि त्याचे नाव देशभर गेले. प्रवरेच्या खोऱ्यातील बुडीत जमिनींची कहाणी तशी गाजली नाही. लोक वर सरकले, डोंगराच्या कुशीत नव्याने घरे बांधली, आणि शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल ही गावे आज पाण्याला वळसा घालून बसलेली दिसतात. जलाशयाभोवतीचा रस्ता याच गावांतून फिरतो. पावसाळ्यात पाण्याने वेढलेल्या या गावांना एप्रिल-मेमध्ये मात्र पाण्याची ओढाताण होते. कातळाच्या उतारावर पाणी थांबत नाही, आणि जलाशय जवळ असला तरी तो खाली असतो आणि त्याचे पाणी आधीच खालच्या मुलखाला नेमून दिलेले असते. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण मराठीत अनेक ठिकाणी वापरली जाते, इथे ती अक्षरशः खरी आहे. अकोले आणि संगमनेर या वरच्या तालुक्यांनी पाण्याच्या फेरवाटपासाठी १९८० च्या दशकात लढा दिला तो याच अनुभवातून.

१९६९ मध्ये भिंतीला तडे जाऊन गळती सुरू झाली. खालच्या गावांवर मोठे संकट होते. जलाशयाची पातळी खाली आणून भिंतीला पाठीमागून भक्कम आधारभिंती जोडण्यात आल्या आणि धरण सावरले. आज खालून पाहिले तर मूळ दगडी भिंत आणि तिला टेकलेले हे नंतरचे आधार वेगवेगळे ओळखू येतात. धरणाच्या पायथ्याशी मोरीतून सुटणारे पाणी गोल खडकावरून छत्रीसारखे पसरते, तो ‘अंब्रेला फॉल’. मोरी उघडी असेल तेव्हाच तो दिसतो.

धरण झाले आणि खोऱ्यापर्यंत रस्ता आला. अधिकाऱ्यांसाठी विश्रामगृह झाले. पाहायला जाण्याची जागा अशी या भागाची ओळख तिथून सुरू होते. सुरुवातीचे पाहुणे साहेब लोक आणि त्यांचे परिवार. स्वातंत्र्यानंतर मुंबई-पुण्याच्या गिरिभ्रमण मंडळांनी इकडे मोहरा वळवला. मुंबईहून रेल्वेने इगतपुरी किंवा घोटी गाठायचे, तिथून एसटीने बारी किंवा शेंडी, आणि पुढे पायी. रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीने कुमशेत, तिथून पाचनई आणि मग हरिश्चंद्रगड ही वाट पायी भटकणाऱ्यांमध्ये मानाची ठरली. ती प्रवरेच्या खोऱ्यातून मुळेच्या खोऱ्यात उतरते. हरिश्चंद्रगडाची कीर्ती जुनी होती. योगी चांगदेवांचे वास्तव्य तिथे झाल्याचे शिलालेख सांगतात, आणि कर्नल साइक्स याने १८३५ मध्ये कोकणकड्यावर ढगांत उमटलेले वर्तुळाकार इंद्रवज्र पाहिल्याची नोंद आहे. हरीश कपाडिया यांच्या १९७७ च्या ‘ट्रेक द सह्याद्रीज’सारख्या मार्गदर्शकांनी या वाटा शहरी तरुणांच्या हाती दिल्या. तरीही या भ्रमंतीचा खरा आधार गावातला वाटाड्या हाच होता. धुक्यात खिंड चुकली तर परत आणणारा, रात्री ओसरीवर झोपायला जागा देणारा, नाचणीची भाकरी आणि पिठले वाढणारा. त्या काळच्या भटक्यांनी लिहिलेल्या वर्णनांत गडांची नावे असतात, या माणसांची क्वचितच असतात.

१९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे आणि प्रवरेचे उगमखोरे त्याच्या आतच येते. व्यापारी तोड थांबली, शिकारीवर १९७२ च्या कायद्याने आधीच बंदी होती. एका पिढीच्या अवधीत उतारांवर फरक पडला. विरळ झालेल्या जागी आधी कारवी, धायटी, करवंद यांची जाळी वाढतात, त्यांच्या सावलीत हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन, कुंभा यांची रोपे जीव धरतात. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, तेव्हा डोंगरउतार जांभळे होतात आणि मधमाश्या लोटतात. फुलून झाली की ती मरते आणि पडलेल्या बियांतून पुढची पिढी उगवते. पाऊस ओसरताना पठारांवर सोनकीचा पिवळा गालिचा पसरतो. बिबट्या, भेकर, रानडुक्कर, तरस, उदमांजर यांचा वावर आहे, आणि ओढ्याकाठी पहाटे शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते. मात्र रान भरले की भाताच्या खाचरांत डुकरेही भरतात. रात्रभर माळ्यावर बसून शेत राखणे हे इथल्या कुटुंबांचे जुने काम पुन्हा वाढले आहे.

रान परत आणण्याच्या या प्रक्रियेला जगात आज मोठा मान आहे. इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात एनरडेल नावाचे असेच दूरचे तळ्याचे खोरे आहे. तिथे १९२० च्या दशकापासून सरकारी वनखात्याने सूचिपर्णी झाडांची लागवड केली होती. या शतकाच्या सुरुवातीला जमिनीचे मालक, वनखाते आणि पाणीपुरवठा कंपनी यांनी एकत्र येऊन खोरे हळूहळू निसर्गाच्या हाती सोपवण्याचे ठरवले. मेंढ्या कमी केल्या, आणि जमीन तुडवून, चरून वेगवेगळी झाडे रुजायला वाव मिळावा म्हणून गॅलोवे जातीची काटक गुरे मोकळी सोडली. प्रवरेच्या खोऱ्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. तिथे ज्या कामासाठी काटक गुरे बाहेरून आणावी लागली, ती गुरे डांगाणात शेकडो वर्षे रानात चरत होती. तिथे खोऱ्यात वस्ती जवळजवळ नव्हती, इथे आहे. त्यामुळे इथल्या रानाचा विचार माणूस वगळून करता येत नाही. अभयारण्याच्या पहिल्या दोन दशकांत तसा तो वगळून झाला आणि चराई, हिरडा, जळण यांवरून खटके उडत राहिले. २००६ च्या वन हक्क कायद्याने कसत असलेल्या जमिनीचा आणि गौण वनोपजाचा हक्क कागदावर आला. खोऱ्यातील रान आणि शेती एकत्र टिकवण्याचे जे ज्ञान या समाजाकडे आहे, त्याची दखल याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये मिळालेल्या पद्मश्रीने घेतली गेली. त्यांनी देशी वाणांचे बियाणे जपले. काळभातासारखे वाण आजही या भागात घेतले जातात.

पाण्याने ओढ लावणे मात्र थांबले नाही. घाटघरला २००८ मध्ये अडीचशे मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. वरचा तलाव कड्याच्या माथ्यावर, खालचा कोकणात चोंढ्याला. विजेची मागणी असते तेव्हा वरचे पाणी बोगद्यातून खाली सोडून वीज करायची आणि मागणी नसते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचे. या प्रकल्पाची धरणे बांधताना रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे तंत्र भारतात प्रथम वापरले गेले. त्यासाठी आलेल्या रस्त्याने घाटघरचा कोकणकडा मोटारीच्या टप्प्यात आणला. साम्रदजवळची सांदण दरी, म्हणजे दोन उंच कातळभिंतींमधली अरुंद घळ, तोवर गुराख्यांना आणि मोजक्या गिर्यारोहकांना ठाऊक होती. ती काही वर्षांत सर्वतोमुखी झाली. पावसात या घळीतून लोंढा वाहतो, म्हणून तिच्यात उतरायचे ते पाऊस पूर्ण थांबल्यावरच.

गर्दीचे सर्वांत मोठे दिवस मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्याचे. वळवाचे शिंतोडे पडले की हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा यांसारख्या झाडांवर काजवे लाखोंनी गोळा होतात आणि एका तालात उघडझाप करतात. नर प्रकाशाच्या खुणेने मादीला साद घालतो. गाडीचे दिवे, विजेऱ्या आणि भ्रमणध्वनीचे झोत या संकेतात अडथळा आणतात, आणि झाडाखाली गवतात असलेल्या माद्या पायांखाली तुडवल्या जातात. घाटघर, उडदावणे, मुरशेत, पांजरे, साम्रद या गावांच्या अरुंद रस्त्यावर शनिवार-रविवारी वाहनांच्या रांगा लागू लागल्यावर वनखात्याने प्रवेशशुल्क, रात्रीच्या प्रवेशाची वेळमर्यादा आणि झाडांपासून अंतर ठेवण्याचे नियम आणले. नाक्यांवर गावातील तरुण वनरक्षकांबरोबर उभे असतात. जलाशयाकाठचे तंबू, घरगुती जेवण, वाटाड्यांची मजुरी यांतून आता बऱ्याच घरांत रोख पैसा येतो, आणि नाशिक-मुंबईला मजुरीला जाणाऱ्यांपैकी काही जण हंगामापुरते गावीच थांबतात. त्याचबरोबर काठावरच्या जमिनी बाहेरच्यांच्या हाती जाण्याची चिंता गावसभांत बोलली जाते. ती रास्त आहे, कारण एकदा सपाट जमीन गमावल्याचा अनुभव या खोऱ्याला आहे.

जोराचा पाऊस सुरू झाला की काजवे संपतात आणि भाताची लावणी सुरू होते. वाटाडे शेतात असतात, कड्याकाठच्या वाटा शेवाळतात आणि अनेक ठिकाणी प्रवेश बंद असतो. धरण साधारण १५ ऑगस्टपर्यंत भरते, निदान तसा पाटबंधारे खात्याचा आणि गावकऱ्यांचा ठोकताळा आहे. ११,०३९ दशलक्ष घनफुटांचा आकडा गाठला की खालच्या तालुक्यांत वर्तमानपत्रे ती बातमी पहिल्या पानावर छापतात. पायी फिरायला योग्य काळ त्यानंतरचा, सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. तेव्हा रतनवाडीहून रतनगडाच्या शिड्या चढता येतात, बारीहून कळसूबाई एका दिवसात होते आणि कात्राबाईची वाट मोकळी असते. जलाशयाला अलीकडे राघोजी भांगरे यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या देवगावाहून येणारा रस्ता धरणाच्या जवळूनच जातो.